मैदानाची किल्ली

“मॅडम, जागा तर मोकळी आहे. मशीन नाही, पंखा नाही, डोक्यावर छप्पर नाही. मग पैसे कशाचे घेता?”

सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी हे विचारलं तेव्हा मी जाड दोराचं वेटोळं करून पोत्यात भरत होते. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हाच प्रश्न मला सासरच्यांनी विचारलाय, कर्जाची चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलाय, आणि फी द्यायला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांनी तर हमखास विचारलाय. आज जरा बसून सांगावंसं वाटतंय.

मी साताऱ्यात जिम चालवते. जिम म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं तेही माझ्याकडे होतं. पोवई नाक्यापासून जवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर नऊशे चौरस फुटांचा हॉल, दोन ट्रेडमिल, केबलचं मशीन, डंबेल्सची मांडणी, एका भिंतीला अख्खा आरसा. २०१६ मध्ये कर्ज काढून ते सगळं उभं केलं. दुपारची वेळ फक्त बायकांसाठी ठेवली होती आणि मुख्यतः त्यावरच माझं चाललं होतं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. राज्यातल्या जिम पुन्हा उघडायला दसरा उजाडला, २५ ऑक्टोबर. मधले सात महिने हॉलचं भाडं चालू, मशीनचा हप्ता चालू. उघडल्यावरही माणसं येईनात. बंद खोलीत, दुसऱ्याच्या श्वासात यायला कुणाचं मन धजेना. दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून मी बसून असायचे. मग एके दिवशी जुन्या सभासदांपैकी एकीचा फोन आला. “ताई, बाहेर कुठंतरी घ्या ना. उघड्यावर असेल तर येते मी.”

अजिंक्यतारा समोर दिसतो असं एका संस्थेचं मैदान होतं. परवानगी मागितली, मिळाली. नोव्हेंबरात सुरू केलं.

इथं माझ्या आजीचं सांगायला हवं. आजी औंधची. औंध आमच्याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते लावून दिले होते. आजी तिथं चार इयत्ता शिकली आणि नमस्कार तिच्या अंगात मुरले ते कायमचे. पुढं लग्न झालं, नऊवारी आली, पाच बाळंतपणं झाली, तरी सकाळी बारा नमस्कार चुकले नाहीत. फक्त ते ती परसात घालायची, गोठ्याच्या भिंतीमागं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, “अंगणात का नाही घालत? तिथं ऊन चांगलं येतं.” ती म्हणाली, “बाईमाणसाला आडोसा लागतो, बाळा.”

तो शब्द माझ्या मनात राहून गेला होता. मैदानावर पहिल्या दिवशी सात जणी आल्या तेव्हा तो मला पुन्हा भेटला. क्रिकेटचा सामना होईल एवढी जागा, आणि सातही जणी कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभ्या. हॉलमध्ये आरशासमोर बिनधास्त दंड काढणाऱ्या याच बायका. तिथं चार भिंतींचा आडोसा होता. इथं फिरणारे काका होते, दूध घालणारी मुलं होती, पलीकडच्या इमारतीच्या बाल्कन्या होत्या. मी कुणाला “मध्ये या” म्हटलं नाही. भिंतीपाशीच सुरू केलं. मात्र दर सोमवारी माझी चटई दोन पावलं पुढं टाकायचे. त्याही माझ्यामागून दोन पावलं सरकायच्या. मैदानाच्या मधोमध यायला फेब्रुवारी उजाडला.

कपड्यांचंही तसंच झालं. पहिल्या महिन्यात एक जण साडीच्या आत ट्रॅक पॅन्ट घालून यायची. गाडी लावली की झाडामागं जाऊन साडी सोडायची, घडी करून डिकीत ठेवायची, आणि तास संपला की पुन्हा नेसून घरी. सासूबाईंना देवळात जाते म्हणून सांगितलेलं. तसं ती देवळातही जायची, परतताना. तिची ती साडीची घडी मला अजून आठवते. एवढ्या घाईतही निऱ्यांची बाजू वर राहील अशी घालायची, म्हणजे पुन्हा नेसताना वेळ मोडू नये. वर्षभरानं ती एकदा पंजाबी ड्रेसवर आली, मग कुर्ता नि लेगिंगवर, मग टी-शर्टवर. सासूबाईंना कळलं ते त्या स्वतः एकदा मैदानावर आल्या तेव्हा. कट्ट्यावर बसून त्यांनी तासभर पाहिलं आणि जाताना मला विचारलं, “गुडघेदुखीवर काही आहे का यात?” आता त्या सातच्या बॅचला असतात.

सगळंच असं गोड झालं असं नाही. एका सकाळी मैदानाच्या कडेला मोटारसायकलवर बसून एक जण मोबाइल समोर धरून बराच वेळ थांबला होता. मी तास थांबवून त्याच्याकडे चालत गेले. माझे पाय थरथरत होते. “फोन दाखवा,” म्हटलं. तो नाही-होय करत होता, मग एकदम गप्प झाला आणि व्हिडिओ काढून टाकला. मागं वळून पाहिलं तर अकरा जणी हातातल्या वाळूच्या पिशव्यांसकट माझ्या पाठीशी येऊन उभ्या होत्या. तो प्रसंग आम्ही पुष्कळदा आठवतो. पण दुसऱ्या दिवशी अकरातल्या पाच जणी आल्या नव्हत्या, हेही खरं. एकीला घरून कायमची बंदी झाली. ती पुन्हा कधी आली नाही. मला अजून वाटतं, त्याच दिवशी मी तिच्या घरी जायला हवं होतं.

त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोलीस भरतीची पोरं-पोरी पळतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. माण-खटावकडच्या तीन मुली इथं खोली घेऊन राहत होत्या. शिकवणीची फी भरून त्यांच्याकडे काही उरत नव्हतं. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्याबदल्यात त्या आमच्या बायकांचा वॉर्म-अप घ्यायच्या. पंचावन्न वर्षांच्या बाईला एकवीस वर्षांची पोर “काकू, गुडघा वर, अजून वर” म्हणून ओरडून सांगते आणि काकू ऐकते, हे बघण्यासारखं असायचं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. या मुलींच्या तोंडी ते नाव घरातल्या थोरल्या बहिणीसारखं असतं. त्यांना पळताना पाहून आमच्यातल्या दोघी-तिघींनी चाळिशीत पहिल्यांदा मैदानाला पूर्ण फेरी पळत घातली. शाळा सुटल्यावर आपण पळलोच नाही, हे एकीला फेरी संपताना आठवलं आणि ती तिथंच खाली बसून रडली.

आता कुठल्याच कोर्समध्ये मला न शिकवलेली गोष्ट सांगते.

सुरुवातीच्या महिन्यांत दोन गोष्टी लक्षात यायला लागल्या. एक म्हणजे थंडीतसुद्धा कुणाला तरी चक्कर यायची, डोकं जड व्हायचं. मी नाश्त्याचं विचारायचे, उपासाचं विचारायचे, रक्तदाब मोजायचे. दुसरं म्हणजे उड्यांचा प्रकार आला की ठरावीक तीन-चार जणींच्या बुटाची नाडी नेमकी तेव्हाच सुटायची. खाली वाकून त्या ती बांधत बसायच्या, उड्या संपेपर्यंत. मला वाटायचं, कंटाळा करतात. एकदा मी जरा चढ्या आवाजात बोललेही. त्या दिवशी तास संपल्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या एक मॅडम मागं थांबल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, “ताई, उडी मारली की थेंब जातो. दुसऱ्या बाळंतपणापासून आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणींना आहे.”

आणि मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. मैदानावर संडास नाही. म्हणून आदल्या रात्री आठनंतर त्या पाणी पीत नाहीत. सकाळी तर घोटभरही नाही. चक्कर कशानं यायची ते मला तेव्हा कळलं.

मला माझीच लाज वाटली. मी स्वतः बाई, दोन मुलांची आई, बायकांचा वर्ग चालवते, आणि हे मला दिसलं नव्हतं. हॉलमध्ये बाथरूम होतं म्हणून हा प्रश्न तिथं उभाच राहिला नव्हता. त्या आठवड्यात मी सगळ्या उड्या काढून टाकल्या. त्याऐवजी पायरीवर चढ-उतार, चवड्यांवर उभं राहणं, वाळूची पिशवी घेऊन चालणं आणलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आवळायचे, किती वेळ धरायचे, श्वास न कोंडता कसे सोडायचे, हे एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडून नीट शिकून घेतलं आणि तासाच्या शेवटी दहा मिनिटं ते घ्यायला लागले. दोघींना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण ते व्यायामानं भागण्यापलीकडचं होतं. गोल करून बसायचं आणि मोकळं बोलायचं. त्या दहा मिनिटांत जे बोललं जातं ते मी कुठं लिहिणार नाही.

पण संडासाचं काय? संस्थेकडे अर्ज केला. मैदानाच्या कोपऱ्यात एक खोली होती, तिला कायम कुलूप. अर्जावर शिक्का मिळाला, पुढं काही झालं नाही.

फाटकासमोर एक जुनं बैठं घर आहे. पुढं ओटा, बाजूला पेरूचं झाड, आणि जुन्या घरांना असतं तसं बाहेरच्या अंगाला संडास-बाथरूम. त्या घरातल्या आजी रोज पहाटे ओट्यावर बसून आमचा तास बघायच्या. शाल गुंडाळलेली, हातात चहाची कपबशी. एकदा मी सामान भरत असताना त्यांनी हाक मारली. “अगं, ती निळ्या ड्रेसवाली रोज मध्येच का निघून जाते? तिला जमत नाही का?” मी खरं ते सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “हे बाहेरचं आता कोण वापरतंय? मुलगा पुण्याला. घ्या. पण पाणी टाकून स्वच्छ ठेवायचं, आणि दार आपटायचं नाही.”

पितळेची जुनी किल्ली, तिला लाल लोकरीचा गोंडा. त्या दिवसापासून पहिली येणारी बाई किल्लीनं दार उघडते आणि शेवटची जाणारी लावते. शनिवारी पाळीनं दोघी धुऊन काढतात. आजींनी पैसे घ्यायचं नाकारलं. तेव्हा बायकांनी ठरवलं की आजींचं दूध, औषधं, लाइटबिल भरायला जाणं हे आपण करायचं. कुणी हिशोब ठेवला नाही. महिन्याभरात चक्कर येणं थांबलं. दोन महिन्यांत अकराच्या बावीस झालो. मी तोवर पत्रकं वाटली होती, रिक्षाच्या मागं जाहिरात लावली होती, त्यानं इतकं कधी झालं नव्हतं. एका किल्लीनं झालं. माझ्या औंधच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर, आडोसा मिळाला म्हणून बायका अंगणात आल्या.

शिकवण्यातलंही पुष्कळ मला मैदानानंच शिकवलं. जमिनीवरचं वजन उचलायच्या प्रकाराला हॉलमध्ये मी ‘डेडलिफ्ट’ म्हणायचे आणि निम्म्या जणी बिचकायच्या. मैदानावर मी गॅसची टाकी आणली. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस, आणि टाकीचं स्वतःचं वजन धरलं तर भरलेली टाकी तिशीच्या घरात जाते. ही टाकी प्रत्येकीनं कधी ना कधी ओट्याखाली सरकवलेली असते आणि बऱ्याच जणींची कंबर तिथंच धरलेली असते. “कशी उचलता दाखवा,” म्हटलं. एकेक जण कमरेतून कमान करून, पाय सरळ ठेवून, हात लांब करून ओढायला लागली. मग शिकवलं. टाकीच्या अगदी जवळ उभं राहा, इतकं की नडग्या टाकीला लागतील. ढुंगण मागं न्या, मागच्या भिंतीला लावायचंय असं समजा. पाठ फळीसारखी. आता जमीन पायांनी ढकला, टाकी हातानं ओढू नका. पहिली टाकी अशी सहज वर आली तेव्हा ती बाई टाकी हातात धरूनच माझ्याकडे बघत राहिली. “एवढीच होती?” म्हणाली. तिला वीस वर्षं ती जड वाटत होती.

वाळूच्या पिशव्या आम्ही घरी शिवल्या आहेत. जुन्या जीन्सचा एक पाय कापायचा, एक तोंड दुहेरी शिलाईनं शिवायचं, आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी वाळू भरायची, दुसरं तोंड शिवायचं. तीन किलो, पाच किलो, आठ किलो. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून आणलेल्या. प्लॅस्टिक फाटलं तर पावसात वाळू पाणी पिते आणि पाचाची पिशवी सहाची होते, म्हणून दर महिन्याला काटा करावा लागतो. कुणाच्या पिशवीवर अजून मुलाच्या जीन्सचा खिसा आहे. त्यात ती घराची किल्ली ठेवते.

उभं कुठं राहायचं, हेही हळूहळू कळलं. सूर्य शिकवणाऱ्याच्या डोळ्यांवर यायला हवा, शिकणाऱ्यांच्या पाठीवर. नाहीतर त्या डोळे बारीक करतात आणि तुमचे पाय त्यांना दिसत नाहीत. वारा माझ्या पाठीकडून यायला हवा, म्हणजे आवाज त्यांच्यापर्यंत वाहत जातो. पहिल्या वर्षी मी स्पीकर लावायचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते आणि आमची बॅच पावणेसहाची. शेजारच्या इमारतीतून तक्रार आली ती रास्तच होती. तिथं एका घरात रात्रपाळीहून आलेली नर्स झोपायची. स्पीकर बंद केला. शिट्टीही बंद केली. आता मोजणी बायकाच करतात, पाळीपाळीनं, दबक्या आवाजात. गाण्याच्या ठेक्यावर त्या माझ्या नकळत घाई करायच्या. स्वतः मोजायला लागल्यापासून श्वास जागेवर आला.

आणि दव. दवाचं मी विसरूच शकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात ओल्या गवतावर मी आजूबाजूला पळण्याचा व्यायाम दिला. दोन चटयांमधून वाट काढत पाऊल टाकताना एका वहिनींचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. चूक माझी होती. गवत ओलं आहे हे मला दिसत होतं, पाच मिनिटांनी कोरड्या मातीच्या पट्ट्यावर जाता आलं असतं. त्यांना दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबले, खर्चातला माझा वाटा दिला, फी परत केली. त्यांच्या नवऱ्यानं मला एक शब्द वाकडा बोलला नाही, आणि त्याचंच ओझं जास्त होतं. चार महिन्यांनी त्या परत आल्या. तेव्हापासून पहाटे पोचल्यावर मी आधी बूट काढून अनवाणी मैदानभर फिरते. तळव्याला कळतं कुठं ओल आहे, कुठं खड्डा झालाय, पावसाळा सरल्यावर सराट्याचे काटे कुठं पसरलेत. पंधरा मिनिटं जातात. ती माझ्या कामाची सर्वांत महत्त्वाची पंधरा मिनिटं आहेत असं मी मानते.

पावसाळ्याचं मात्र कोडं होतं. जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल. पहिल्या वर्षी तीन महिने बंद ठेवलं आणि निम्म्या बायका सुटल्या. दुसऱ्या वर्षी एका सभासदानंच मार्ग सांगितला. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, मंगल कार्यालयं सकाळी रिकामी असतात. आषाढी ते कार्तिकी एका कार्यालयाचा हॉल पहाटे दोन तास आम्हाला थोडक्या भाड्यात मिळतो. भिंतीवर अजून कुणाच्या तरी लग्नाची झिरमिळी असते, व्यासपीठावर लाल खुर्च्या रचलेल्या असतात, आणि खाली आम्ही बैठका मारत असतो. आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी जिल्ह्यात येते. नीरा ओलांडली की लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, तरडगाव, फलटण. आमच्यातल्या सहा-सात जणी लोणंद ते फलटण चालतात. त्यासाठी एप्रिलपासूनच त्यांचा वेगळा सराव चालतो. पोटऱ्या, घोटे, पाठीवर तीन किलोची पिशवी घेऊन चढावर चालणं. बासष्ट वर्षांच्या एक काकू पहिल्या वर्षी निम्म्यातून एसटीनं परतल्या होत्या. पुढच्या वर्षी फलटणला पोचून त्यांनी मला फोन केला. मागं टाळांचा आवाज इतका होता की त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण फोन का केला ते कळलं.

आता पैशांचं.

हॉल मी २०२१ च्या जुलैमध्ये सोडला. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत जिम पुन्हा बंद झाल्या तेव्हाच मनातून ठरलं होतं. ट्रेडमिल निम्म्याहून कमी किमतीत गेल्या. मशीन टेम्पोत चढताना मी खाली उतरले नाही, वरच्या खिडकीतून बघितलं. आज महिन्याची फी नऊशे रुपये आहे, तीन महिन्यांचे एकदम दिले तर चोवीसशे. दोन बॅच मिळून चाळीसेक नावं, प्रत्यक्षात रोज सत्तावीस-अठ्ठावीस. मैदानाचं भाडं आधी नव्हतं, मग सुरू झालं, मग एका वर्षात दुप्पट झालं. एका सकाळी तर न सांगता फाटकाला कुलूप होतं आणि आम्ही तो तास रस्त्याच्या कडेला घेतला. एक मदतनीस मुलगी आहे, तिचा पगार आहे. मशीनचं कर्ज २०२३ मध्ये फिटलं. यातून घर चालतं. फार नाही, पण चालतं.

फुकट शिकवा, पुण्य लागेल, असं सांगणारे भेटतात. मी एक महिना तसं करून पाहिलं. पन्नास जणी आल्या आणि तिसऱ्या आठवड्यात नऊ उरल्या. पण माझं कारण तेवढंच नाही. हे माझं काम आहे आणि मी ते चांगलं करते. शिंपी कापडाचे पैसे घेत नाही, शिवण्याचे घेतो, आणि त्याला कुणी विचारत नाही की सुई तर तुझ्या घरातलीच ना. बाई घरात जे जे करते ते फुकट असतं, म्हणून बाहेर केलेलंही फुकट असावं अशी समजूत आहे. माझ्या वर्गातल्या बायकांना मी हे उघड बोलून दाखवते. त्यांच्यातल्या दोघींनी त्यानंतर आपल्या शिकवण्यांची फी वाढवली.

आणि तरी, त्या गृहस्थांना सांगायचं झालं तर मी माझी वही दाखवीन. शंभर पानी, रेघांची, रोजच्या हजेरीची. ज्या चौकटीत खूण नसते ती मी आधी बघते. एक दिवस गैरहजर असेल तर काही नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारते. तिसऱ्या दिवशी फोन. सातच्या बॅचच्या एक मावशी चार दिवस आल्या नाहीत, फोनही उचलेनात. दुसऱ्या बॅचनंतर मी तशीच त्यांच्या घरी गेले. एकट्या राहतात, मुलगी लंडनला. दार उघडायला त्यांना दहा मिनिटं लागली. चिकुनगुनिया झाला होता, सांधे इतके धरले होते की कॉटवरून उठून दारापर्यंत भिंत धरत आल्या. दोन दिवस बिस्किटांवर काढलेले. पुढचे तीन आठवडे मैदानातून रोज कुणीतरी डबा घेऊन जायचं, आणि त्यांच्या मुलीला रात्री व्हिडिओ कॉलवर मावशी किती पावलं चालल्या ते दाखवायचं. पहिल्या दिवशी चार, मग नऊ, मग खोलीभर. बऱ्या झाल्यावर त्या पहिलं काय करून गेल्या असतील, तर आजारपणातल्या महिन्याची फी देऊन गेल्या. मी नको म्हटलं. “ज्या महिन्यात घेतली पाहिजेस असा हाच तर महिना होता,” म्हणाल्या.

गेल्या वर्षी समोरच्या आजींना मुलगा पुण्याला घेऊन गेला. ऐंशी उलटल्या, एकट्यानं होत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी त्या काठी टेकत मैदानात आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच फाटकाच्या आत. आम्ही त्यांना मध्ये खुर्ची दिली. त्यांनी बसूनच आमच्याबरोबर हात वर केले, खांदे फिरवले, मान वळवली. मग मला म्हणाल्या, “घर बंद राहील. बाहेरचं नको बंद करू.” मुलानंही मान हलवली.

खंडेनवमीला आम्ही मैदानावर चादर अंथरतो. ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार पूजेला मांडायचा तो दिवस. दोर, रबरी पट्टे, शंकू, जीन्सच्या पिशव्या, एकुलती एक लोखंडी केटलबेल, दुहेरी शिवणीची सुई, हजेरीची वही. झेंडूच्या पाकळ्या, हळदी-कुंकू. भरतीवाल्या तिघींतली एक आता पोलिसात आहे, तीही ड्यूटीवर जाता जाता गणवेशात येऊन गेली. बँकेतल्या मॅडमनी सगळ्यावर अक्षता टाकल्या आणि मग त्या थांबल्या. “काहीतरी राहिलं,” म्हणाल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, निळ्या ड्रेसवालीच्या हातातून ती लाल गोंड्याची किल्ली घेतली, वहीच्या शेजारी ठेवली आणि तिला कुंकवाचं बोट लावलं.